वाडा बघून आले, म्हणून लिहितेय

प्रिय मनू,

आजोबांच्या शेतातला तुझा हिस्सा सोडून द्यायच्या, काकांनी पाठवलेल्या हक्कसोडपत्रावर सही करू की नको असं तू विचारलंस आणि मी फोनवर नीट बोललेच नाही, घरात पाहुणे होते म्हणून. आता सावकाश लिहिते. परवाच इथे एका हौशी मंडळाचा ‘वाडा चिरेबंदी’चा प्रयोग पाहिला त्यामुळे डोक्यात तेच चाललंय.

एलकुंचवारांचं हे नाटक १९८५ चं, विजया मेहतांनी आधी बसवलं होतं. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, घरातले कर्ते तात्याजी गेलेत, तेरवीला त्यांचा मुलगा सुधीर मुंबईहून बायकोला घेऊन आलाय. वाड्यावर राहणाऱ्या थोरल्या भास्करला वाटतं मुंबईवाल्यांकडे बख्खळ पैसा, सुधीरला वाटतं सगळं दादाने दाबून ठेवलंय, आणि खरं काय तर कोणाकडेच काही नाही!! तेरवी इतमामाने व्हायला हवी पण त्यासाठी वाड्याचा तुकडा विकायची पाळी. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय, तो हलवायचं कोणी नाव घेत नाही. आणि वहिनी, म्हणजे भास्करची बायको, रात्री एकटीच सगळे दागिने अंगावर चढवते ना, त्या सीनला आमच्या रांगेतल्या बायका एकदम गप्प झाल्या. मग तेच सोनं घेऊन तिची मुलगी रंजू मास्तरसोबत पळून जाते.

पण मला लागली ती प्रभा, भास्कर-सुधीरची बहीण. हुशार पोरगी, पुढे शिकू दिलं नाही, आणि वाटणीच्या गोष्टी निघाल्या की ती जणू घरात नाहीच. तेव्हा कायदाही तसाच होता म्हणा. महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित इस्टेटीत मुलासारखा हक्क दिला तो १९९४ ला, तोही लग्न न झालेल्यांना (गंमत बघ, चंद्रकांत कुलकर्णींनी हे आणि याची पुढची दोन अशी तिन्ही नाटकं सलग केली तेही १९९४ च), मग २००५ ला केंद्राने सगळ्याच मुलींना दिला, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ चा तो कायदा लागू झाला त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असं काही नाही. म्हणजे तू दादाच्या बरोबरीची. लग्न झालं म्हणून कमी नाही.

आता आपलं. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, वारस नोंदच केली नाही कोणी, आणि इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसतो. तो काकांनी फेडत आणलाय. आणि एक, तुझी इंजिनिअरिंगची दुसऱ्या वर्षाची फी काकांनी भरली होती. बाबांनी सांगू नको म्हणून बजावलं होतं, त्यांना कमीपणा वाटायचा. आता बाबा नाहीत, कशाला झाकून ठेवायचं. तू काकांना लबाड म्हणालीस ना, म्हणून मुद्दाम सांगतेय, ते लबाड नाहीत, त्यांना घाई झालीय कारण शेत विकायचंय आणि तुमच्या सह्यांशिवाय गिऱ्हाईक टिकत नाही.

तरी सही करू नकोस. निदान आत्ता नाही. हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की परत फिरवणं म्हणजे कोर्टाच्या चकरा. आधी वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे देऊ, फेरफार होऊन सातबाऱ्यावर आपली नावं लागू देत, सोसायटीत किती बाकी आहे ते लिहून घेऊ, काकांनी भरलेले पैसे वेगळे मांडू. मग तुला द्यायचंच असेल तर दे बाई, तुझी मर्जी, पण काय देतेय ते कळून दे.

बँकेत माझ्या खात्याला दादा नॉमिनी आहे, त्यावरून मनात काही आणू नकोस, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. लॉकरमधे माझ्या बांगड्या आणि गोफ एवढंच उरलंय, पाटल्या बाबांच्या आजारपणात मोडल्या, हे दादालाही माहीत नाही, त्यालाही आजच लिहितेय.

रविवारी काका इकडे येणारेत. जमलं तर शनिवारच्या रात्रीच्या गाडीने निघ, दादालाही कळवलंय. आधार कार्ड आणि बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची तुझ्याकडची झेरॉक्स घेऊन ये, माझ्याकडची कुठे ठेवली सापडत नाहीये.

आई