तेलाचं तळं नसतं हो, बातमीत फॉल्टबद्दलही दोन ओळी येऊ द्या

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात नवा तेलसाठा सापडल्याची बातमी होती आणि सोबत एक चित्र, वर ड्रिलिंगचा मनोरा, खाली लांबलचक पाइप आणि तळाशी काळंकुळं तळं, ग्लासात स्ट्रॉ घातल्यासारखा पाइप त्यात बुडवलेला. आधी हसू आलं, मग थोडा रागही आला, कारण मी पंचवीसेक वर्षं हेच काम केलंय, तेलक्षेत्राखालचे थर आणि फॉल्ट, म्हणजे दगड तुटून सरकलेल्या जागा, शोधून त्यांचे नकाशे काढायचं, आणि असलं तळं मला एकदाही भेटलेलं नाही.

तेल असतं दगडात. वाळूच्या दगडात कणाकणांच्या मध्ये बारीक जागा राहतात, चुनखडीत छिद्रं आणि भेगा असतात, तेल त्यात बसलेलं असतं आणि बरोबर पाणीही असतं. चांगल्या दगडातही ही रिकामी जागा वीस-पंचवीस टक्के. हातात घेतला तर फरशीसारखा कडक दगड, यात तेल असेल असं वाटणार पण नाही. आता तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून ते सारखं वर सरकायला बघतं, लाखो वर्षांत कधीच जमिनीवर येऊन संपलं असतं, वाटेत काहीतरी आडवं आलं म्हणून अडकलं. ते आडवं काय आलं हाच तर सगळा धंदा आहे, आणि त्यावर तुमच्या बातमीत एक ओळ नाही.

कधी थराला उलट्या वाटीसारखा बाक आलेला असतो आणि वर शेलचं, म्हणजे चिकणमातीच्या दगडाचं, किंवा दुसऱ्या एखाद्या घट्ट दगडाचं झाकण, सौदीचं घवार हे तेलक्षेत्र असंच बाकाचं, झाकण तिथे ॲनहायड्राइट नावाच्या खनिजाचं. कधी मिठाचा खांब खालून वर घुसतो आणि थर वर उचलतो, 1901 ला टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपला तेल उसळलं ते अशाच मिठाच्या घुमटावर. कधी वाळूचा थरच बारीक होत होत संपून जातो, 1930 चं ईस्ट टेक्सास तसलं, तिथे बाक नाही म्हणून तेल नाही असं जाणकार सांगत होते आणि निघालं ते प्रचंड मोठं क्षेत्र (आमच्या बिरादरीची नाचक्की, मान्य आहे). आणि बऱ्याचदा आडवा येतो तो फॉल्ट, पुस्तकात भ्रंश म्हणतात. दगड तुटतो, एक बाजू खाली सरकते आणि इकडचा थर तिकडच्या थराशी जुळत नाही. उत्तर समुद्रातलं ब्रेंट 1971 मध्ये सापडलं ते अशा फॉल्टनी तुटून तिरक्या झालेल्या ब्लॉकमध्येच.

गंमत अशी की फॉल्ट तेल अडवतोही आणि सोडतोही. वाळूच्या थरासमोर पलीकडून शेल येऊन बसला तर तेल अडलं, वाळूसमोर वाळूच आली तर बहुतेक पलीकडे गेलं. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण सरकताना शेल फॉल्टमध्ये लिंपला जातो, सारवल्यासारखा, मग वाळूसमोर वाळू असूनही तेल अडू शकतं. म्हणून थर किती सरकलेत आणि त्या सरकलेल्या भागात शेलचं प्रमाण किती याचा हिशोब मांडावा लागतो. त्यात परत तेल काढायला लागल्यावर एका बाजूचा दाब उतरतो आणि लाखो वर्षं अडवून बसलेला फॉल्ट गळायला लागतो असंही होतं. म्हणजे नकाशावर एक रेघ, पण तिला दरवाजा म्हणायचं की भिंत हे कधीकधी उत्पादन सुरू झाल्यावरच कळतं. एकाच थरात फॉल्टच्या दोन बाजूंना तेल-पाण्याची पातळी वेगवेगळ्या खोलीवर मिळाली, किंवा दाब जुळला नाही, तर समजायचं की मधे भिंत आहे.

हे दिसतं कसं असं लोक विचारतात. जमिनीवर कंपन करायचं, थरांवरून परत येणारे आवाज ऐकायचे, त्याला सेस्मिक म्हणतात, 1921 मध्ये ओक्लाहोमात याचे पहिले प्रयोग झाले. पण हा फोटो नव्हे. दगडात आवाज सेकंदाला 3000 मीटरनी जातो आणि लाट सेकंदाला 30 वेळा हलते असं धरा, म्हणजे एक लाट 100 मीटर लांब, तिच्या चौथ्या हिश्शापेक्षा म्हणजे 25 मीटरपेक्षा लहान गोष्ट धड दिसत नाही. 25 मीटर म्हणजे आठ मजली इमारत झाली. थर 15 मीटर सरकवणारा फॉल्ट सेस्मिकवर सहज निसटतो आणि पुढे विहीर खोदल्यावर तोच नडतो.

विहिरीत मात्र बारीकसारीक दिसतं, पण फक्त विहिरीच्या भिंतीलगत. 1927 मध्ये फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनला श्लुंबर्जे बंधूंच्या टीमने पहिल्यांदा विहिरीत विजेचं उपकरण सोडून दगडाचा विजेला होणारा विरोध मोजला, खारं पाणी वीज नेतं आणि तेल नेत नाही एवढं साधं तत्त्व. अशा मोजमापाची खोलीप्रमाणे काढलेली नोंद म्हणजे लॉग, आणि गामा किरणांच्या लॉगवर शेल वेगळा उठून दिसतो. शेजारच्या दोन विहिरींचे लॉग बाजूबाजूला लावून बघायचे, एकीत मधलाच भाग गायब असेल तर विहीर नॉर्मल फॉल्टमधून, म्हणजे थर ताणले जाऊन तुटलेल्या जागेतून गेलीय, तोच भाग दोनदा आला तर रिव्हर्स, म्हणजे दाबले जाऊन तुटलेल्या. पुस्तकातलं पान फाटलेलं असावं किंवा एकच पान दोनदा बांधलेलं असावं, तसं.

माझी स्वतःची एक फजिती सांगते. एका जागी मी फॉल्टची रेघ काढली, विहीर त्याच्या वरच्या बाजूला बसवली, आठवडेच्या आठवडे ड्रिलिंग झालं आणि ज्या वाळूच्या थरासाठी खोदलं तो थरच नाही, वरचा शेल संपला की थेट खालचा शेल. दगडातला आवाजाचा वेग आम्ही चुकीचा धरला होता म्हणून फॉल्ट नकाशावर दीडेकशे मीटर बाजूला पडला होता आणि विहीर नेमकी त्यातूनच गेली. नंतर त्याच विहिरीतून तिरकं खोदून बाजूला गेलो तेव्हा थर मिळाला, तेलही मिळालं, पण मीटिंगमधली ती शांतता मला अजून आठवते. आणि चूक एकट्या माझीच होते असं नाही, 2007 मध्ये एक अभ्यास छापून आला होता, 412 लोकांना मुद्दाम बनवलेलं एकच सेस्मिक चित्र दिलं, खरं उत्तर बनवणाऱ्यांना माहीत होतं, आणि ते ओळखलं फक्त 21 टक्के लोकांनी. जो ज्या प्रकारच्या भागात काम करून आलेला तो तेच बघतो.

आता बातमीतल्या आकड्याकडे येते. तुम्ही छापलेला आकडा जमिनीखाली असलेल्या सगळ्या तेलाचा आहे की बाहेर काढता येईल तेवढ्याचा, हे बातमीतून कळतच नाही. दोन्हीत खूप फरक असतो, साधारणपणे तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच तेल बाहेर येतं, बाकी दगडातच राहतं. आणि फॉल्टनी क्षेत्राचे दहा तुकडे केले असतील आणि तुकड्यातुकड्यात भिंत असेल तर एका विहिरीने भागत नाही, प्रत्येक तुकड्याला वेगळी विहीर लागते. तेल ढकलायला एका बाजूने पाणी सोडलं आणि मधला फॉल्ट बंद निघाला तर तेल जागचं हलत नाही, दाब मात्र वाढत बसतो.

फॉल्टचा विषय तेल मिळण्या-न मिळण्यापुरताच नाही. नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन गॅसक्षेत्र 1959 मध्ये सापडलं, गॅस काढता काढता दगड दबत गेला, फॉल्टच्या दोन बाजूंना कमी-जास्त दबला आणि फॉल्ट सरकायला लागले. 2012 मध्ये हाउझिंगेला 3.6 चा भूकंप झाला, आकडा छोटा पण भूकंप उथळ, घरांना तडे गेले, शेवटी गॅस काढणंच बंद करावं लागलं. ओक्लाहोमात उलटं, तेलाबरोबर निघालेलं खारं पाणी खोल दगडात परत सोडलं, दाब जुन्या फॉल्टपर्यंत पोचला आणि 2016 मध्ये पॉनीजवळ 5.8 चा धक्का बसला. तेव्हा साठ्याखाली कुठले फॉल्ट आहेत हे वर राहणाऱ्या लोकांनाही कळायला हवं.

म्हणून एवढीच विनंती की पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तुमच्या वार्ताहराने कंपनीला विचारावं, किती विहिरी खोदून हे सांगताय, दगड वाळूचा की चुनखडीचा, तेल कशाने अडलंय, फॉल्ट असेल तर दोन्ही बाजूंचा दाब मोजलाय का, आकडा एकूण तेलाचा की निघणाऱ्या तेलाचा. उत्तर मिळालं नाही तर मिळालं नाही असं छापा, वाचकाला तेवढंही पुरतं.

आणि ते चित्र परत वापरणार असाल तर काढणाऱ्याला म्हणावं तळं पुसून टाक, तिथे तिरके थर काढ, मधून एक रेघ मार आणि रेघेच्या एका बाजूला तेल खाली दाखव, एका बाजूला वर. स्ट्रॉ राहू दे, तो काही अगदीच चुकीचा नाही.

आपली,
एक निवृत्त नकाशेवाली