लाल कापड नसेल तर काटा करू नका

महोदय,

ऊसतोडीच्या टोळ्या यायला महिनाभर राहिलाय, म्हणून आत्ताच लिहितो. जानेवारीत लिहिलं तर पत्र छापून येईस्तोवर धुराडी थंड होतात.

मी लातुरात हाडांचा डॉक्टर आहे. दर रविवारी पहाटे पाचला आम्ही पाच जण गंजगोलाईतून सायकली काढतो. एक आडत्या, एक बँकेतले, दोन मास्तर आणि मी. वीस किलोमीटरवर औसा, तिथं मुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा, नऊच्या आत घरी. आठवड्यातले तेवढे चार तास मला कुणी एक्स-रे दाखवत नाही.

मागच्या हंगामात एका रविवारी दाट धुकं होतं. पुढं ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लागलेली, त्या आवाजाच्या अंदाजानं आम्ही चाललो होतो. पण तो ट्रॅक्टर बराच पुढं होता. अलीकडं दुसऱ्याची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, दिवा नाही, लाल पट्टी नाही. आडत्या शेठना ऊस दिसला तेव्हा तो हातभर अंतरावर होता. त्यांनी सायकल वळवली, ती चाकामागं लावलेल्या धोंड्यावर चढली आणि ते खांद्यावर आपटले. कॉलरबोन मोडलं. त्यांच्याच मफलरीत हात बांधून गळ्यात अडकवला. "डॉक्टर, तुमच्यापुढंच पडलो, फी वाचली बघा," म्हणाले. फी वाचली, पण ऐन तुरीच्या आवकेत सहा आठवडे हात गळ्यात राहिला.

ट्रॅक्टरवालं पोरगं विशीतलं, दोन रात्रींचं जागं. आम्हाला बघून रडायलाच लागलं. त्याला काय बोलणार? शिवाय शेठच्या सायकलीचा मागचा दिवाही त्या दिवशी चार्ज केलेला नव्हता, हेही कबूल करतो.

वाहनाला मागं लाल रिफ्लेक्टर हवाच, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. पण ट्रॉलीची पट्टी बाहेर आलेल्या उसानं झाकून जाते. म्हणून उसावरून मागं सोडायचं चमकणारं लाल कापड लागतं. कुठं कुठं ते दिलेलंही दिसतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते सीटखाली घडी होऊन पडतं. पोलीस प्रत्येक ट्रॉली कुठं अडवत बसणार? वजनकाटा मात्र एकाही ट्रॉलीला चुकत नाही. मागं कापड नसेल तर काटा करायचा नाही, एवढं कारखान्यांनी ठरवावं. नंबर लागेपर्यंत ट्रॉल्या तासन्‌तास उभ्याच असतात, तेवढ्यात कापड बांधून होतं. आणि पंक्चर काढून झाल्यावर धोंडे रस्त्यातच टाकून जाऊ नका, हेही तिथंच सांगावं.

शेठ पुन्हा येतात, पण हिवाळ्यात सातच्या आधी निघायला तयार नाहीत. आम्ही औशाला पोहोचेपर्यंत सुशीला संपलेली असते.

– एक अस्थिरोगतज्ज्ञ, लातूर