आजाऱ्याच्या उशाशी बसणारी माणसे हवीत

महोदय,

२०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड-वेल्समध्ये हिंदूंची संख्या दहा लाखांवर गेली आहे. तरुणपणी इथे आलेली आमची पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. सरकारी रुग्णालयांत चॅप्लिन, म्हणजे रुग्णांना धार्मिक व मानसिक आधार देणारे, असतात; काही ठिकाणी हिंदूही. पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून प्रशिक्षित स्वयंसेवक हवेत.

निवृत्त झाल्यापासून मी हॅरो भागात हे काम करते. स्मृतिभ्रंश झालेल्या एका मराठी आजींची इंग्रजी पार पुसली गेली होती. त्या चिडक्या आहेत असेच सगळ्यांना वाटे. संध्याकाळी शेजारी बसून शुभंकरोती सुरू केले, तर पुढचे त्यांनीच म्हटले आणि मग दोन घास खाल्ले.

श्लोक पाठ असणे हा प्रशिक्षणाचा लहानसा भाग. खरे शिकायचे ते गप्प बसून ऐकणे, ऐकलेले बाहेर न नेणे. कॅन्सरच्या रुग्णाला ‘मागच्या जन्मीचे भोग’ असे कुणी म्हणता कामा नये; मी ते ऐकले आहे आणि त्या बाईंचा चेहराही पाहिला आहे. तुळशीपत्र, गंगाजल द्यायचे तर गिळता येते का, हे आधी नर्सला विचारावे. मंगळसूत्र, जानवे विचारल्याशिवाय काढू नये. इथे दहनाला अनेकदा आठवडा-दोन आठवडे लागतात; मग दहावा कधी करायचा, या विचाराने घरचे कासावीस होतात. तेव्हाही जवळ कुणीतरी हवे.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. गणपतीला जमणाऱ्या मंडळींतून अशी माणसे नक्की मिळतील. ज्यांची मुले-सुना इकडे आहेत, त्या वाचकांनी त्यांच्या कानावर हे जरूर घालावे.

– एक निवृत्त परिचारिका, हॅरो, लंडन