विद्यापीठाचा हिशेब फॅकल्टीवार छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की बडोदेकरांच्या डोक्याला दोन घोर लागतात, विश्वामित्रीच्या पाण्याचा आणि युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाचा. प्रवेशाच्या गप्पांत हल्ली एक वाक्य हमखास येतं: विद्यापीठाने सरकारच्या तोंडाकडे न बघता स्वतः कमवावं. पानाच्या गल्ल्यावर ऐकलं, लग्नाच्या पंगतीतही ऐकलं. कमवावं, ना नाही. पण आज कोण कमावतं आणि ते कुणावर खर्च होतं, हे बोलणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येत नाही.

मुंबई-पुण्याशी बडोद्याची तुलना करतात ती मुळातच चुकते. त्या विद्यापीठांना शेकडो संलग्न महाविद्यालयं आहेत. त्यांच्या मुलांची परीक्षा फी आणि संलग्नता शुल्क दरवर्षी येत राहतं. आपलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली एकात्म, निवासी विद्यापीठ म्हणून उभं राहिलं. शिकवायचं आपणच, परीक्षाही आपल्याच मुलांची. त्या मिळकतीचा आधार इथे नाही. उरतं राज्य सरकारचं अनुदान, जे मुख्यतः मंजूर पदांच्या पगारात जातं, मुलांची फी, आणि योजनांचा पैसा, ज्याचा खर्च कशावर करायचा ते आधीच ठरलेलं असतं. उच्च शिक्षणासाठीच्या रुसा या केंद्राच्या योजनेचंच पाहा (२०२३पासून तिचं नाव पीएम-उषा झालं). केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. पण पायाभूत सुविधांसाठी मिळालेली रक्कम बांधकाम, दुरुस्ती आणि उपकरणांवरच घालायची. मग इमारत नवी कोरी आणि आत शिकवणारा हंगामी, असं चित्र दिसतं. लोक त्याला गलथानपणा म्हणतात. कधी तो असेलही, पण बऱ्याचदा पैशाचं खातंच वेगळं असतं. मी जन्मभर हिशेबनिसाची नोकरी केली, त्यामुळे याचं मला नवल वाटत नाही. खटकतं ते पुढचं.

कॉमर्सला मूल घातलेल्या प्रत्येक घरात ‘जनरल’ आणि ‘हायर पेमेंट’, म्हणजे नेहमीच्या फीच्या आणि जास्त फीच्या जागा, हे शब्द पाठ असतात. हायर पेमेंटच्या वर्गांचा खर्च त्यांच्याच फीतून भागवायचा, असा त्यामागचा विचार. भागून काही उरत असेल तर ते कुठे जातं? अपुरं पडत असेल तर तूट कोण भरतं? जास्त पैसे मोजणाऱ्या आईबापांना एवढं विचारायचा हक्क असावा.

आता उलट बाजू, आणि आम्हा मराठी मंडळींचा जीव गुंतलाय तो इथेच. १८८६ची संगीतशाळा, १८९०चं कलाभवन, १९२७चं ओरिएंटल इन्स्टिट्यूट ही सगळी संस्थानाच्या तिजोरीतून उभी राहिली आणि पुढे विद्यापीठाकडे आली. सयाजीरावांनी त्यांच्याकडून कधी नफ्याची अपेक्षा केली नाही. ओरिएंटल इन्स्टिट्यूटने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. देशभरातून जमवलेल्या पोथ्या ओळ न् ओळ ताडून पाहणाऱ्या त्या पंडितांनी विद्यापीठाला रुपये किती मिळवून दिले असतील? आमच्या आर्ट्समधला मराठी विभागही कधी फायद्यात यायचा नाही. ज्याने त्याने आपल्या फीवर जगावं असा नियम लावला तर पहिली कुऱ्हाड अशांवरच पडेल. मला विचाराल तर कॉमर्सच्या फीतला काही पैसा पोथ्यांवर जायलाच हवा. विद्यापीठ म्हणजे कोचिंग क्लास नव्हे. फक्त हे उघडपणे व्हावं. आकडे दिसत नाहीत म्हणून कॉमर्सच्या पालकाला वाटतं आपल्याला लुबाडलं, आणि मराठी-संस्कृतच्या प्राध्यापकाला ऐकून घ्यावं लागतं की तुम्ही दुसऱ्यांच्या जिवावर जगता. कदाचित दोन्ही समज खोटे निघतील. प्राध्यापकाचा पगार अनुदानातून येत असेल तर कॉमर्सच्या फीशी त्याचा संबंधही नसेल!

पूर्वी निदान सेनेट होतं. आम्ही नोंदणीकृत पदवीधर मतं देऊन त्यात माणसं पाठवत होतो. सभेत आरडाओरडा फार आणि काम थोडं, हेही खरंच. पण अंदाजपत्रक तिथे मांडलं जायचं, एखादा सदस्य उठून नेमका नको तो आकडा विचारायचा आणि त्याची बातमी व्हायची. २०२३च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सेनेट आणि सिंडिकेट दोन्ही गेली. कारभार व्यवस्थापन मंडळाकडे आला. मंडळ चांगलं चालवत असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पदवीधरांनी निवडून दिलेलं, हिशेब विचारणारं कुणी आता आत बसत नाही.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. २००५च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की सार्वजनिक संस्थेने आपल्या प्रत्येक शाखेला दिलेली तरतूद, ठरवलेला खर्च आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम कुणी अर्ज न करताच जाहीर करावी. त्याच धर्तीवर विद्यापीठाने प्रत्येक फॅकल्टीचं एकेक पान काढावं. त्यात अनुदान किती, जनरलची फी किती, हायर पेमेंटची किती, कायम शिक्षकांच्या पगारावर किती आणि हंगामींच्या किती, दुसऱ्या फॅकल्टीकडून काय आलं किंवा तिला काय दिलं, एवढंच असावं. एकत्रित कोटींच्या आकड्यावरून सामान्य माणसाला काही उमगत नाही. ही पानं अंदाजपत्रक मंजूर होण्याच्या पंधरा दिवस आधी वेबसाइटवर यावीत, आणि आपण ती प्रवेशाच्या बातम्यांशेजारी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक जुना पदवीधर
दांडिया बाजार, बडोदे