भाडं मागायला लाजू नकोस

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

नोकरी सुटल्याचं तू फोनवर सांगितलंस ते बरं केलंस. पण मग म्हणालास, "मम्मी, लोकांची केवढाली दुःखं आहेत, त्यात माझं खोलीभाडं काय घेऊन बसायचं? मी आपलं 'तुझी इच्छा पूर्ण होवो' एवढंच म्हणतो." ते ऐकल्यापासून माझ्या मनाला लागून राहिलंय.

'तुझी इच्छा' हे प्रभू येशूही वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत म्हणाला. पण त्याआधी काय म्हणाला ते बघ. हा प्याला, म्हणजे समोरचं दुःख, माझ्यापासून टळून जाऊ दे, असं त्याने सरळ मागितलं. जीव किती व्याकूळ झालाय हे शिष्यांनाही सांगितलं. मत्तय शुभवर्तमानात लिहितो की तिसऱ्यांदासुद्धा त्याने तेच शब्द उच्चारले. तू मात्र मागणं गाळून थेट शेवटावर जातोस. बाळा, मला त्यात नम्रतेपेक्षा भीती जास्त दिसते. मागितलं आणि मिळालं नाही तर, ही भीती. तीसुद्धा त्यालाच सांग ना.

आणि भाड्याची लाज कसली? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर पापांच्या क्षमेच्या आधी येते. लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेल्या गोष्टीतला तो मध्यरात्री दार ठोठावणारा माणूस घे. घरी पाहुणा आलाय, वाढायला काही नाही, म्हणून तो शेजारच्या मित्राकडे जातो आणि तीन भाकरी उसन्या मागतो. 'काही असेल तर द्या' असं मोघम बोलत नाही. किती हव्यात, कशाला हव्यात, सगळं सांगतो. मला तो माणूस फार आवडतो. तूही तसंच म्हण: प्रभू, भाड्याला पैसे कमी पडतायत, घरमालकाशी बोलायला धीर दे, अमुक ठिकाणी मुलाखत आहे, ती नोकरी मला दे.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने 1835 साली अनाथ मुलांसाठी काम सुरू करायचं ठरवलं, तेव्हा 81व्या स्तोत्रातल्या 'आपलं तोंड चांगलं उघड' या वचनावर विसंबून त्याने एक घर, हजार पौंड आणि मुलांना सांभाळणारी योग्य माणसं मागितली. रक्कमसुद्धा सांगितली! पुढे मागितलेलं आणि मिळालेलं तो लिहून ठेवत गेला. आपल्या पंडिता रमाबाईंनी त्याचं चरित्र वाचलं होतं. दुष्काळातल्या मुली आणि विधवा केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये आल्या, त्या सगळ्यांच्या अन्नवस्त्राचा भार घेताना त्यांनाही असंच देवावर विसंबून राहावं लागलं. धान्य, पाणी, कपडे, हे त्यांच्या प्रार्थनेचे विषय होते. तुझं भाडं त्यात सहज बसेल.

राग आला असेल तर तोही बोल. देवाच्या मंदिरात मूल नसलेली हन्ना इतकी तळमळून प्रार्थना करत होती की एली याजकाला ती प्यालेली वाटली. दावीद विचारतो, परमेश्वरा, कुठवर मला विसरणार? 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. चर्चमध्ये उभं राहून करतो तशी 'हे परमदयाळू, प्रेमळ स्वर्गीय पित्या' अशी लांबलचक सुरुवात खोलीत एकटा असताना नसली तरी चालेल. शब्द सुचले नाहीत तर गप्प बस, रडू आलं तर रड.

हीच नोकरी मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही. प्रेषित पौलाने देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढावा म्हणून तीनदा विनवलं आणि काटा राहिला. पण त्याला उत्तर मिळालं, कृपा पुरेशी आहे म्हणून. त्याने स्पष्ट मागितलं होतं, म्हणून ते उत्तर कशाचं आहे हेही त्याला कळलं.

पप्पा आणि मी रात्रीच्या प्रार्थनेत तुझं भाडं आणि मुलाखत दोन्ही नाव घेऊन मागतोय. बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेबांना विषय द्यायचा का, ते तू सांग. तुझ्या होकाराशिवाय मी तिथे बोलणार नाही. मुलाखतीचा दिवस आणि वेळ मात्र लगेच कळव. आणि जेवण टाळून पैसे वाचवू नकोस.

तुझी,
मम्मी