तुझी वेबसाईट बघितली

बेटा,

नोकरीसाठी तुझं डिझाईनचं काम दाखवायला तू बनवलेल्या साईटची काल पाठवलेली लिंक मी सकाळी शेतातच उघडली. केळीची कटाई चालू होती, गाडी भरायला वेळ होता म्हणून निंबाखाली बसून निवांत बघितली. पहिला फोटो यायलाच इतका वेळ लागला की मला वाटलं रेंज गेली, मग घरी दादाने बघितलं तर तो एकटाच ६ एमबीचा निघाला, तो आधी बारीक कर, वेबपी का काय म्हणते ना तू, फोटोची फाईल हलकी करायचा प्रकार, त्याच्यात. आणि ती पांढऱ्यावर फिक्कट राखाडी अक्षरं घरात दिसतात गं, पण आपल्या एप्रिलच्या उन्हात नाही दिसत. दिवाळीत तूच सांगितलं होतं, साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, निदान ४.५:१ पाहिजे म्हणून.

हे सगळं एका दिवसाचं काम आहे. मला खरं बोलायचं ते वेगळंच.

तू तीन प्रोजेक्ट टाकलेत, तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या ॲपचं नवीन डिझाईन. छान आहेत, पण त्यातलं कोणी तुला करायला सांगितलं नव्हतं, कोणी वापरलं पण नाही. आणि काकाच्या भरीत सेंटरचं मेनूकार्ड कुठंय? ते तू का नाही टाकलं? मला आठवतं ना, दोन दिवस तू तिथं काड्यांच्या धुरात नुसती उभी राहून बघत होती. प्रत्येक गिऱ्हाईक तेच विचारायचं, भरीत किलोवर का प्लेटवर, आणि कळण्याची भाकर सोबत येते का वेगळी घ्यायची. मग तू वहीच्या मागच्या पानावर तीनदा काढलं, भाव मोठे केले, किलो आणि प्लेट वेगळं केलं. पहिल्या वेळी ओळी इतक्या जवळ होत्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांटीत घुसत होते, तेव्हा तू म्हणाली होती की मराठीला इंग्रजीपेक्षा ओळीत जास्त जागा सोडावी लागते. आता काकाला कोणी भाव विचारत नाही, सरळ ऑर्डर देतात.

हेच लिही की साईटवर, अडचण काय होती, पहिलं का जमलं नाही, मग काय बदललं. वहीचं ते पान पण टाक, खाडाखोडीसकट. तुला कामावर घेणाऱ्याला तुझं डोकं कसं चालतं ते तिथं दिसेल, चकचकीत स्क्रीनमधे नाही दिसत. मोठ्या ॲपचं एखादं राहू दे, खाली.

आणि हो, संपर्काचा फॉर्म मी भरून पाठवला, तुला आला का? नसेल आला तर साधा ईमेल लिहून टाक.

वही तुझ्या कपाटात सापडली, आईने जपून ठेवलीय. मेनूकार्डचा फोटो संध्याकाळी काकाकडे जाऊन काढतो, तेलाचे डाग पडलेत त्याच्यावर, पुसत नाही, तसाच पाठवतो.

पप्पा