मोजा विणण्याआधी लोकर मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की पाठोपाठ पुरवण्यांत लोकरकामाच्या कृती येऊ लागतात. गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत पायमोज्यांची कृती होती. साहित्य : लोकर १०० ग्रॅम, १० नंबरच्या सुया. कृती : ४८ टाके घाला. पुढे टाच, पुढे पाऊल, आणि शेवटी तळव्याखालून शिवण. ही कृती चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. एका विशिष्ट लोकरीसाठी ती अगदी बरोबर आहे. ती लोकर कोणती, एवढेच छापायचे राहून गेले.

१०० ग्रॅम हे लोकरीचे वजन झाले. मोजा लांबीने विणला जातो. मोज्यांसाठी म्हणून मिळणारी पातळ लोकर १०० ग्रॅमला ४०० ते ४२५ मीटर भरते. तेवढ्याच वजनाच्या डबल निट, म्हणजे मध्यम जाडीच्या, लोकरीची लांबी सव्वादोनशे ते अडीचशे मीटर, आणि स्वेटरच्या जाड लोकरीची त्याहूनही कमी. घेराचेही तेच. डबल निट लोकर १० नंबरच्या सुईवर घट्ट विणली तर १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसतात आणि ४८ टाक्यांचा घेर २० सेंटिमीटर होतो, म्हणजे बाईमाणसाच्या पायाला ठीक. पातळ लोकर त्याच सुईवर २८ टाके देते, तेव्हा घेर होतो १७. हा मोजा मोठ्या माणसाच्या टाचेवरून वर चढणारच नाही.

सुईच्या नंबराचाही घोळ आहे. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर ४ मिलिमीटर, १० नंबर ३.२५, १२ नंबर २.७५, १३ नंबर २.२५. अमेरिकेत बरोबर उलटे. तिथला १३ नंबर ९ मिलिमीटरचा असतो. मोज्यासाठी ‘तेरा नंबर’ एवढेच सांगून कोणी तिथल्या लेकीकडून सुया मागवल्या, तर करंगळीएवढ्या जाड सुया हातात पडतील. म्हणून कृतीत मिलिमीटर छापावेत. नंबर हवा तर शेजारी द्यावा.

आता लोकर. आपल्या बोलण्यात गुंड्यात मिळते ती सगळी लोकरच. दुकानातला गुंडा पुष्कळदा शंभर टक्के ॲक्रिलिकचा असतो, त्यालाही आपण लोकर म्हणतो. टोपी, मफलर, स्वेटरला ते चालून जाते. मोज्यात मात्र पाय दिवसभर घामेजतो. मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक ओलावा जवळपास घेतच नाही, घाम पायालाच राहतो. शिवाय ताणलेली लोकर परत आखडते, तसे ॲक्रिलिक आखडत नाही. चार धुण्यांत मोज्याचा गळा सैल पडतो आणि मोजा बुटात उतरतो. त्यावर गरम इस्त्री फिरली तर वीण कायमची लुळी पडते. उसवून पुन्हा विणले तरी धाग्यात जीव येत नाही.

मग शुद्ध लोकर घ्यावी का? तीही एकटी नको. टाचेच्या मागे आणि अंगठ्याच्या मुळाशी तळव्याखाली मोजा सतत घासला जातो, तिथे नुसती लोकर पहिल्या हिवाळ्यातच विरते. जर्मनीच्या ओपल किंवा रेगियासारख्या मोज्यांच्या लोकरीच्या कागदी पट्टीवर ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असे लिहिलेले असते. हे नायलॉन काटकसर म्हणून घातलेले नसते, ते झीज थांबवते. त्याच पट्टीवर ‘सुपरवॉश’ असेल तर उत्तम. लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि चोळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात, मोजा आटतो आणि नमद्यासारखा होतो. सुपरवॉश करताना हे खवले क्लोरीनने मवाळ करून वर रेझिनचा पातळ थर देतात. असा मोजा यंत्रात धुता येतो. पण ओला असताना तो लांबतो, म्हणून दोरीवर लटकवू नये, टॉवेलवर आडवा वाळवावा.

आपली दख्खनी मेंढीची लोकर का वापरू नये, असा प्रश्न हमखास येतो. घोंगडीसाठी तिला तोड नाही. पण धाग्याचा तंतू ३० मायक्रॉनपेक्षा जाड झाला की त्याचे टोक कातडीला टोचते, आणि दख्खनी लोकरीत असे भरड तंतू भरपूर असतात. बाहेरच्या दुसऱ्या मोज्याला ती चालेल, उघड्या पायाला नाही. मेरिनो मऊ असते, पण एकपदरी, सैल पिळाची मेरिनो मोज्याला घेऊ नये. बोटाने जरा घासली की तिचे गोळे सुटतात. तीन किंवा चार पदर घट्ट पिळलेला धागा हवा. आणि पदरांवरून जाडी ओळखायला जाऊ नये. चार पातळ पदर दोन जाड पदरांपेक्षा बारीक असू शकतात.

पट्टी नसलेला गुंडा ओळखण्याचे दोन उपाय घरच्या घरी होतात. बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याचे भांडे ठेवून, काडी लावा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, ज्योत आपोआप विझते आणि उरलेली काळी राख बोटाने चुरडता येते. ॲक्रिलिक भडकते, वितळते आणि टोकाला टणक काळा मणी धरते. मिश्रण असेल तर वासही येतो आणि मणीही राहतो. लांबीसाठी ४० मीटर धागा मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. वजन १० ग्रॅम आले तर १०० ग्रॅमला ४०० मीटर. दुकानात एवढा वेळ नसतो, तिथे फूटपट्टीवर इंचभर जागेत धागा शेजारी शेजारी, न ताणता गुंडाळावा. चौदाच्या वर वेढे बसले तर पातळ, अकरा ते चौदा बसले तर डबल निट. मोठ्या माणसाच्या जोडीला पातळ लोकर साडेतीनशे मीटर धरावी, गड्याच्या मोठ्या पायाला चारशे. किंमतही मीटरवर काढून पाहावी. स्वस्त वाटणारा जाड गुंडा तेव्हा बरेचदा तेवढा स्वस्त राहत नाही. एक रंग दोन गुंड्यांत घ्यायचा असेल तर पट्टीवरचा लॉट नंबर एकच असल्याची खात्री करावी. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न दिसलेला फरक घरी उन्हात ठसठशीत दिसतो. काही परदेशी लोकर लडीत येते. ती तशीच विणायला घेऊ नये, खुर्चीच्या पाठीला अडकवून आधी गुंडा करावा, आणि तोही सैल. आवळून गुंडाळलेली लोकर ताणलेली राहते, तशीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात मोजा आखडतो.

टाके किती घालायचे हे पायाने ठरते. चवड्याशी पावलाचा घेर मोजा. समजा तो साडेतेवीस सेंटिमीटर आला. मोजा अंगासरशी बसावा म्हणून त्यातला दहावा हिस्सा वजा करा, राहिले सुमारे २१. अडीच मिलिमीटरच्या सुईवर पातळ लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके येतात, म्हणजे सेंटिमीटरला तीन. झाले ६३, आणि दोन सुलट दोन उलट या काठाच्या लवचीक विणीसाठी चाराने भाग जायला हवा म्हणून ६४. हा हिशेब ज्या नमुन्यावर करायचा तो गोल, म्हणजे नळीसारखा सलग विणलेला, आणि धुतलेला असावा. सपाट विणताना उलट ओळीत बहुतेकींचा हात सैल पडतो, तो नमुना फसवतो. काठाचे टाके दोन सुया एकत्र धरून घालावेत. मोज्याला सगळ्यांत रुंद जागा पार करायची असते ती टाच ते पावलाचा उंचवटा ही तिरकी, पोटरी नव्हे. काठ आवळलेला असेल तर बाकी मोजा कितीही बेतशीर असो, तो तिथेच अडतो.

टाचेशी नवख्या विणकरणी हात टेकतात, म्हणून ती सविस्तर. ६४ पैकी ३२ टाक्यांवर ३२ ओळी सपाट विणायच्या. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता पलीकडे घ्यायचा. त्याने दोन्ही काठांना सोळा-सोळा साखळ्या येतात, पुढे टाके उचलायला त्याच लागतात. सुलट ओळीत एकाआड एक टाका असाच नुसता घेतला तर टाचेची ही पट्टी जाड होते, आणि टाच जास्त टिकते. मग वळण. सुलट बाजूने पहिला टाका नुसता घ्या, १७ सुलट, दोहोंचा एक, १ सुलट, आणि काम फिरवा. उलट बाजूने पहिला नुसता घ्या, ५ उलट, दोहोंचा एक, १ उलट, पुन्हा फिरवा. आता विणलेल्या आणि न विणलेल्या टाक्यांच्या मध्ये एक फट दिसेल. यापुढे प्रत्येक ओळीत फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका मिळून एक करायचा, पुढचा एक विणायचा आणि फिरायचे. शेवटच्या दोन ओळींत तो पुढचा एक उरत नाही. सुईवर १८ टाके राहिले की वळण बरोबर आले. सतरा किंवा एकोणीस असतील तर तिथेच उसवा. पुढे भागवून घेऊ म्हणणाऱ्यांची टाच वाकडी बसते.

आता काठाच्या सोळा साखळ्यांतून सोळा टाके आणि कोपऱ्यातून एक, असे दोन्ही बाजूंना उचलले की एकूण ८४ होतात. कोपऱ्यातला टाका एक ओळ खालून उचलावा आणि पुढच्या फेऱ्यात मागच्या बाजूने विणावा, नाहीतर घोट्याखाली हमखास भोक राहते. एका फेऱ्याआड दोन टाके कमी करत दहा वेळा गेले की पुन्हा ६४. पायजम्याला कळी असते तशी ही मोज्याची कळी. तिच्यावाचून मोजा पावलाच्या उंचवट्यावर तटतो. पाऊल बोटांच्या टोकापासून ५ सेंटिमीटर अलीकडे आले की एका फेऱ्याआड चार टाके कमी करत ३२ वर या, मग प्रत्येक फेऱ्यात चार कमी करत १६ वर. आठाला आठ समोरासमोर ठेवून ते बोथट सुईने टाक्यासारखाच टाका घेत जोडावेत. शिवू नयेत. लांबी टेपने न मोजता फेरे मोजून वहीत लिहावेत. टेपखाली वीण ताणली जाते आणि दुसरा मोजा आखूड निघतो. चार सुयांवर टाके असताना सुयांच्या सांध्यात उभी शिडी दिसू लागली, तर दर थोड्या फेऱ्यांनी एक-दोन टाके पुढच्या सुईवर सरकवून सांधा हलता ठेवावा.

आपल्या कृतीतल्या तळव्याखालच्या शिवणीला आमची खरी हरकत आहे. शिवण किंवा धाग्याची गाठ दिवसभर पायाखाली राहते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला ती खुपल्याचे कळत नाही, आणि तिथे जखम होऊ शकते. असे मोजे घरातल्या आजी-आजोबांसाठीच जास्त विणले जातात. सपाटच विणायचे असतील तर शिवण पावलाच्या कडेने घ्यावी. नवा गुंडा जोडताना गाठ मारू नये, दोन्ही टोके एकत्र धरून सात-आठ टाके विणावेत.

बाळंतविड्यातल्या मोज्यांची काळजी याहून जास्त. रंगीत नक्षीचे मागच्या बाजूला लोंबणारे धागे, आतले सैल टोक किंवा सुटलेला तंतू तान्ह्याच्या बोटाला गुंडाळला जातो आणि बोट आवळून सुजते. बाळाचे रडणे मोज्यामुळे आहे हे पटकन लक्षात येत नाही. म्हणून तान्ह्याचा मोजा एकरंगी असावा, केसाळ लोकरीचा नसावा आणि घालण्यापूर्वी उलटा करून पाहावा. घोट्याशी गोंड्यांची नाडी ओवण्यापेक्षा दोन सुलट दोन उलटची लांब पट्टी विणली तर मोजा तसाच टिकून राहतो.

थंडी सरली की लोकरीचे मोजे धुऊन, खडखडीत वाळवूनच ठेवावेत. कसर घामाच्या, मळक्या लोकरीकडे आधी वळते. शंका असेल तर पिशवी घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावी.

ज्या वाचकांनी आपल्या कृतीप्रमाणे ४८ टाके घालून विणायला सुरुवात केली आहे, त्यांनी लगेच उसवू नये. गुंडा डबल निटचा असेल तर बिनधास्त पुढे जावे, फक्त १०० ग्रॅमला जोडी जेमतेम होते म्हणून मोज्याचा घोट्यावरचा भाग आखूड ठेवावा आणि पहिला मोजा झाल्यावर उरलेला गुंडा वजन करून पाहावा. तो निम्म्याहून कमी भरला तर आणखी एक गुंडा, त्याच लॉटचा, आत्ताच आणून ठेवावा. आणि गुंडा पातळ असेल तर तो मोजा पाच-सहा वर्षांच्या पोराचा झाला असे समजावे. टाचेला २४ टाके, २४ ओळी, आणि पावलाची लांबी त्या पोराला समोर उभे करून.

आपल्या,
लोकरकाम करणाऱ्या काही वाचक, नाशिक